जीएसटीच्या आठवड्यातच ऑफिसचा डेटा का संपतो: टॅलीच्या मशीनवर करायचा बंदोबस्त

लक्षण असं असतं. महिनाभर टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवरचं चार-पाच मशीनचं काम एका सिमच्या राउटरवर किंवा मोबाइलच्या हॉटस्पॉटवर व्यवस्थित निभतं. मग ९ ते १५ तारखेच्या दरम्यान एका सकाळी दुकान उघडल्यावर तासा-दीड तासात नेट रेंगाळू लागतं. जीएसटीचं पान अर्धवट उघडतं. ओटीपी फोनवर येतो, पण तो टाकायची चौकट दिसेपर्यंत त्याची मुदत उलटलेली असते. कोणीतरी टॉपअप मारतं आणि तोही जेवणाच्या सुट्टीआधी संपतो. इंदूरच्या सियागंजातली किराण्याची पेढी असो, छावणीतलं आडतीचं ऑफिस असो की सांवेर रोडवरचा कारखाना, तक्रार हीच असते आणि पुढच्या महिन्यात ती पुन्हा येते. मुनीमजी पोर्टलला दोष देतात, शेठजी सिमच्या कंपनीला. खरं कारण बहुतेक वेळा ऑफिसातल्याच मशीनवर असतं.

आधी खात्री करा की डेटाच संपला आहे

नेट हळू होण्याची तीन कारणं आहेत आणि तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. सिमच्या कंपनीच्या ॲपमध्ये किंवा राउटरच्या पानावर शिल्लक डेटा बघा. रोजचा कोटा संपला की बहुतेक प्लॅनमध्ये नेट बंद पडत नाही, वेग ६४ केबीपीएसवर येतो. डायल-अपचा ५६के मोडेम जवळजवळ याच वेगाने चालायचा. या वेगाने एक एमबी उतरायला दोन मिनिटांहून जास्त लागतात, म्हणून पोर्टल उघडल्यासारखं दिसतं पण पुढे सरकत नाही. व्हॉट्सॲपचा मजकूर मात्र जात राहतो, त्यामुळे ‘नेट तर चालू आहे’ असा गैरसमज होतो.

डेटा शिल्लक असूनही वेग नसेल तर राउटरच्या पानावर आरएसआरपी हा सिग्नलच्या ताकदीचा आकडा बघा. उणे ९०च्या आसपास असेल तर सिग्नल चांगला, उणे ११०च्या खाली गेला तर कमजोर. राजवाडा-सराफ्याकडच्या जुन्या जाड भिंतींच्या इमारतींमध्ये तळमजल्यावर राउटर ठेवला की हेच होतं. राउटर वरच्या मजल्यावर खिडकीपाशी न्या आणि तिथून खाली केबल आणा. टॉपअपने हा त्रास जाणार नाही.

तिसरं कारण म्हणजे नेट ठीक आहे, टॅलीच हळू आहे. मशीन सर्व्हरशी, म्हणजे टॅलीचा डेटा असलेल्या मशीनशी, वाय-फायने जोडलेली असली की असं होतं, आणि यातच मोठा धोका दडलेला आहे. नेट अडकलं म्हणून कोणीतरी राउटर बंद-चालू करतं. त्याच राउटरमधून टॅलीचा डेटाही जात असतो, चार जणांच्या व्हाउचर उघड्या असतात, आणि फाइल बिघडते. संपलेला डेटा टॉपअपने परत येतो. टॅलीतल्या बिघडलेल्या कंपनीवर (पेढीच्या हिशेबाच्या फाइलींवर) मात्र ऑल्ट+वाय दाबून रिपेअर चालवावं लागतं आणि तरीही शेवटच्या नोंदी हाती लागतीलच असं नसतं. म्हणून खर्चाच्या आधी जोडणीची मांडणी सुधारणं महत्त्वाचं, त्याबद्दल पुढे सविस्तर येईल.

हाच आठवडा का

मायक्रोसॉफ्ट विंडोजची मासिक अपडेट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सोडते. अमेरिकेतली सकाळ म्हणजे आपल्याकडची मंगळवारची रात्र, साडेदहा-साडेअकरा. त्या वेळी ऑफिसची मशीन बंद असतात, त्यामुळे बुधवारी सकाळी सगळी एकदम चालू झाली की प्रत्येक मशीन स्वतंत्रपणे अपडेट खाली खेचू लागतं. हा बुधवार नेहमी ९ ते १५ तारखेमध्येच येतो. जीएसटीआर-१ (विक्रीचं रिटर्न) भरायची शेवटची तारीख ११, तिमाही भरणाऱ्यांची १३, आणि २बी (खरेदीवरच्या क्रेडिटचा तक्ता) तयार होतं १४ला. २०२५च्या सप्टेंबर आणि डिसेंबरमध्ये दुसरा मंगळवार ९ला होता, म्हणजे अपडेटची सकाळ १० तारखेची, आर-१च्या बरोबर आदल्या दिवसाची.

हिशेब करून बघा. एका मशीनवर ७०० एमबीची अपडेट आली तर पाच मशीनवर साडेतीन जीबी झाली. रोजचा कोटा दोन जीबीचा असेल तर दुपार गाठणं शक्यच नाही. त्यावर मारलेला एक जीबीचा टॉपअपही उरलेली अपडेटच गिळते, कारण अर्ध्यावर थांबलेलं डाउनलोड वेग मिळताच पुन्हा सुरू होतं. रिटर्न भरायला मात्र फारच थोडा डेटा लागतो. एक ई-इनव्हॉइस काही केबींचं असतं, आणि पोर्टलवरचं दिवसभराचं काम एका अपडेटच्या तुलनेत किरकोळ असतं.

कोण किती खातं ते मोजा

त्रास चालू असतानाच कंट्रोल+शिफ्ट+एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि नेटवर्कच्या रकान्यावर क्लिक करा, म्हणजे सर्वांत जास्त खाणारा वर येईल. महिन्याचा हिशेब हवा असेल तर विंडोज ११मध्ये सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, ॲडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज, डेटा यूसेज या क्रमाने जा. महिन्याच्या १ तारखेला प्रत्येक मशीनवर तिथला आकडा शून्य करून ठेवला तर १५ला चित्र स्पष्ट होतं.

इथे एक गोष्ट फसवते. यादीत ‘सिस्टम’ नावापुढे मोठा आकडा दिसला तर घाबरू नका. सर्व्हरवरच्या टॅलीच्या फाइलींची ये-जा सिस्टमच्या नावावरच धरली जाते. ती ऑफिसच्या केबलमधली वाहतूक आहे, सिमच्या डेटाशी तिचा संबंध नाही. एकूण आकड्यातून ती वजा करा आणि उरलेल्याची राउटरच्या पानावरच्या मोजणीशी तुलना करा.

मशीनची बेरीज राउटरच्या आकड्यापेक्षा बरीच कमी भरली तर डेटा दुसरीकडून जातोय. सर्वांत आधी सीसीटीव्हीचा डीव्हीआर (रेकॉर्डिंगचा डबा) बघा. तो त्याच राउटरला लावलेला असतो आणि घरी बसून कोणी कॅमेरा उघडून ठेवला की ऑफिसचा डेटा अपलोडमध्ये जातो. एक कॅमेरा ५१२ केबीपीएसच्या सबस्ट्रीमवर (कमी दर्जाच्या चित्रावर) तासाला सुमारे २३० एमबी खातो, म्हणजे नऊ तासांत दोन जीबी. मुख्य स्ट्रीम चार एमबीपीएसची असेल तर एका तासात १.८ जीबी. फोनमधल्या ॲपमध्ये सबस्ट्रीम निवडा, चार कॅमेऱ्यांचा एकत्र देखावा सतत उघडा ठेवू नका, आणि रिटर्नच्या दिवसांत डीव्हीआरची नेटची केबल काढली तरी चालेल. रेकॉर्डिंग त्याच्या आतल्या डिस्कवर होतच राहतं.

कर्मचाऱ्यांचे फोन हे दुसरं ठिकाण. वाय-फायचा पासवर्ड एकदा बाहेर पडला की फोनची ॲप आणि त्यांचा बॅकअप ऑफिसच्या खर्चाने होतो. एकेक फोन ब्लॉक करत बसू नका, आजकालचे फोन आपला मॅक पत्ता (उपकरणाची ओळख) बदलतात. राउटरमध्ये फक्त परवानगी दिलेल्या उपकरणांची यादी चालू करा, त्यात आपली मशीन टाका आणि बाकी सगळ्यांना बंद.

मांडणी

सर्व्हर, चार क्लायंट (सर्व्हरवरच्या डेटावर काम करणारी मशीन), प्रिंटर आणि राउटर एवढं धरलं तर आठ पोर्टचा गिगाबिट स्विच पुरतो. सगळी मशीन कॅट-६ केबलने स्विचला, आणि राउटरही त्याच स्विचच्या एका पोर्टला. आता राउटर बंद पडला, बदलला किंवा उचलून नेला तरी टॅली चालू राहते.

यासाठी आयपी (प्रत्येक उपकरणाचा नेटवर्कमधला पत्ता) हाताने द्यावे लागतात. फायबर असेल तर त्याचा राउटर १९२.१६८.१.१, सिमचा राउटर १९२.१६८.१.२, सर्व्हर १९२.१६८.१.१०, बिलिंगचं मशीन ११, रिटर्न भरायचं १२, एंट्रीची दोन मशीन १३ आणि १४. सबनेट मास्क सगळीकडे २५५.२५५.२५५.०. फायबर राउटरचा डीएचसीपी (आपोआप आयपी वाटण्याची सोय) १०० पासून पुढे ठेवा म्हणजे आयपी एकमेकांवर येणार नाहीत. सिमच्या राउटरचा डीएचसीपी पूर्ण बंद करा. दोन्हींचा चालू राहिला तर कुठलं मशीन कोणत्या राउटरवरून नेट घेतंय हे कोणालाच कळत नाही. काही राउटर १९२.१६८.२९.१ सारख्या वेगळ्या पत्त्यावर येतात. लावण्याआधीच त्यांचा पत्ता वरच्या मांडणीप्रमाणे बदलून घ्या.

एंट्रीच्या दोन मशीनना नेट लागतच नाही. त्यांच्या आयपीव्ही४च्या चौकटीत आयपी आणि मास्क भरा, डिफॉल्ट गेटवे (नेटकडे नेणाऱ्या राउटरचा पत्ता) रिकामा सोडा. टॅली सर्व्हरवरून चालेल, नेट मिळणार नाही. मात्र तिथेच, त्याच यादीतली आयपीव्ही६ची खूणही काढा. सिमचे बरेच राउटर आयपीव्ही६ वाटतात, आणि ती खूण राहिली तर गेटवे रिकामा असूनही मशीन मागच्या दाराने नेटवर पोचतं. गेटवे रिकामा ठेवूनही डेटा जातोय अशी तक्रार येते तिथे बहुतेक वेळा हेच सापडतं. वाय-फाय कार्ड असेल तर तेही बंद करून ठेवा.

गेटवे रिकामा असलेल्या मशीनवर विंडोज ‘अनआयडेंटिफाइड नेटवर्क’ दाखवतं आणि त्याला पब्लिक समजतं. क्लायंटला त्याची अडचण नाही, कारण ते फक्त सर्व्हरकडे जातं. सर्व्हरवर मात्र असं करू नका. तिथे नेटवर्क पब्लिक झालं की फाइल शेअरिंग बंद होतं आणि एकाही मशीनवर कंपनी उघडत नाही. सर्व्हरला गेटवे द्या, नेटवर्क प्रायव्हेट ठेवा आणि डेटा दुसऱ्या मार्गाने आवरा.

क्लायंटवर टॅलीचा डेटा पाथ आणि लायसन्स सर्व्हर, दोन्हीकडे सर्व्हरच्या नावाऐवजी १९२.१६८.१.१० लिहा. लायसन्सचा पोर्ट ९९९९ असतो, सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये तो उघडा हवा. एकाच वेळी अनेकांनी काम करायचं तर लायसन्स गोल्ड लागतं, सिल्व्हर एका मशीनपुरतंच आहे. विंडोज ११ प्रोच्या २४एच२ आवृत्तीनंतर पासवर्डशिवायचं शेअरिंग आपोआप चालत नाही. काल चालणारं फोल्डर अपडेटनंतर अचानक उघडेनासं झालं तर कारण हेच. सर्व्हरवर ‘टॅली’ नावाचा एक पासवर्डसह युजर बनवा, डेटाच्या फोल्डरवर त्याला वाचण्या-लिहिण्याचा हक्क द्या आणि प्रत्येक क्लायंटच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये तो जतन करा. सर्व्हरची स्लीप बंद. नेटवर्क कार्डच्या गुणधर्मांत वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करायची जी खूण असते, तीही काढा.

नेट असलेल्या मशीनवर

सर्व्हर, बिलिंग आणि रिटर्नचं मशीन, या तिघांवर मीटर्ड कनेक्शन (डेटा मर्यादित आहे हे विंडोजला सांगणारी खूण) चालू करा. केबलसाठी ते इथरनेटच्या पानावर असतं, वाय-फायसाठी त्या नेटवर्कच्या प्रॉपर्टीजमध्ये. विंडोज अपडेटच्या ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये मीटर्ड जोडणीवर अपडेट उतरवण्याचा पर्याय बंद आहे ना, ते पाहा. नवी अपडेट सर्वांत आधी मिळवण्याचा पर्यायही बंद ठेवा, नाहीतर महिनाअखेरीस ऐच्छिक अपडेटही येतात. डिलिव्हरी ऑप्टिमायझेशनमध्ये फक्त लोकल नेटवर्कवरची उपकरणं निवडा. इंटरनेटवरची उपकरणं असा पर्याय राहिला तर तुमचं मशीन अनोळखी मशीनना अपडेट पुरवत बसतं आणि अपलोडचा डेटा तुमचा जातो.

वनड्राइव्ह डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स वर चढवत असतो. टॅलीचा बॅकअप डेस्कटॉपवर घ्यायची सवय असेल तर रोज संध्याकाळी पूर्ण बॅकअप अपलोड होतो. मीटर्ड जोडणीवर सिंक थांबवण्याची खूण करा आणि बॅकअप सर्व्हरच्या दुसऱ्या ड्राइव्हवर व पेन ड्राइव्हवर घ्या. टॅलीचं चालू कंपनीचं फोल्डर तर वनड्राइव्ह किंवा गूगल ड्राइव्हच्या आत कधीच ठेवू नका. सिंक करणारा प्रोग्राम टॅलीच्या ‘.१८००’ शेपटाच्या डेटा फाइली उघडून धरतो, टॅलीही त्याच वेळी त्यात लिहीत असते, आणि नुकसान नक्की होतं.

व्हॉट्सॲप डेस्कटॉपवर फोटो-व्हिडिओचं आपोआप डाउनलोड बंद करा, कागदपत्रांचं चालू राहू द्या, कारण बिलं तिथेच येतात. क्रोममधलं ‘बंद केल्यावरही पार्श्वभूमीत चालू ठेवा’ हेही बंद.

मीटर्डचा एक तोटा आहे. विंडोज डिफेंडरची व्हायरसची यादी मागे पडू शकते. दर सोमवारी विंडोज सिक्युरिटी उघडून हाताने चेक फॉर अपडेट्स दाबा. हे टाळू नका, पेन ड्राइव्ह फिरणारी मशीन आहेत ही.

अपडेट बंद नाही, वेळ आपली

अपडेट कायमच्या बंद करणं हा खर्च वाचवण्याचा उपाय नव्हे. हिशेबाच्या मशीनवर बँकेचं काम चालतं. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, ती मशीन नेटपासून लांब ठेवावीत किंवा बदलावीत. बाकीच्यांसाठी दिवस ठरवा. ७ तारखेच्या आसपास पॉझ अपडेट्स दाबून तीन आठवडे थांबवा. विंडोज ११ पाच आठवड्यांपर्यंत थांबू देतं. २०ला ३बी (कर भरायचं रिटर्न) भरून झाली की पॉझ काढा. मध्य प्रदेशात तिमाही भरणाऱ्यांची ३बीची तारीख २२ आहे, तुम्ही त्यांच्यात असाल तर २३पासून.

रोजच्या कोट्याचा उरलेला डेटा रात्री बारानंतर फुकट जातो. म्हणून अपडेट सकाळी नको, दुकान बंद करण्याआधी, सहाच्या पुढे घ्या. एका संध्याकाळी एकच मशीन: सोमवारी सर्व्हर, मंगळवारी बिलिंग, बुधवारी रिटर्नचं. त्या वेळेपुरतं मीटर्ड काढा आणि काम झालं की पुन्हा लावा. एंट्रीच्या मशीनना महिन्यातून एकदा, बाजाराच्या सुट्टीच्या दिवशी, गेटवे भरून नेट द्या. त्या वेळी आधी अपडेट झालेलं एक मशीन चालू आणि मीटर्डशिवाय ठेवलं तर बराचसा भाग केबलवरूनच मिळू शकतो. वर्षातून एकदा येणारी मोठी आवृत्ती मात्र सिमवर उतरवूच नका. चांगलं फायबर असेल तिथे आयएसओ (पूर्ण विंडोजची एक फाइल) एकदा उतरवा, पुरेशा जागेच्या पेन ड्राइव्हवर घ्या आणि सगळ्या मशीनवर तिथूनच चालवा.

सिम, प्लॅन आणि फायबर

रोज दोन जीबीचा २८ दिवसांचा प्लॅन कागदावर ५६ जीबीचा दिसतो. हिशेबाच्या ऑफिसची गरज मात्र पंचवीस दिवस अगदी थोडी आणि तीन-चार दिवस भरपूर असते. थोड्या दिवसांचा डेटा वाया जातो आणि भरपूर दिवसांना टॉपअप लागतो. रोजची मर्यादा नसलेला, महिन्याचा एकत्र डेटा देणारा प्लॅन अशा ऑफिसला सरस ठरतो. ठरवण्याआधी मागच्या तीन महिन्यांचे टॉपअप जोडून बघा, ती रक्कम बहुधा कोणी एकत्र मांडलेली नसते. ‘५जी अमर्यादित’ वाचून सिम घेतलं आणि ते ४जी राउटरमध्ये घातलं तर सगळा वापर कोट्यातूनच कापला जातो.

फायबर घेतलेल्या ऑफिसातही सिमचा खर्च चालू राहतो, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा वीज असते. वीज गेली की मशीन यूपीएसवर चालतात, फायबरचा ओएनटी (फायबरची तार ज्यात येते तो डबा) आणि राउटर मात्र भिंतीतल्या साध्या पॉइंटवर असतात. लाइन धडधाकट असूनही सगळे हॉटस्पॉटवर जातात. ओएनटी आणि राउटरला छोटा डीसी यूपीएस लावा, जेल रोडला मिळतो. घेण्याआधी दोन्ही अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि ॲम्पिअर लिहून न्या. बरेच १२ व्होल्टचे असतात, पण छोटे स्विच अनेकदा ५ किंवा ९ व्होल्टचे. ५ व्होल्टच्या स्विचला १२चं टोक लावलं तर तो जळतो.

रस्ता खोदला आणि फायबर खरंच तुटलं, तर फक्त बिलिंग आणि रिटर्नच्या मशीनचा गेटवे १९२.१६८.१.१ वरून १९२.१६८.१.२ करा. डीएनएसच्या जागी फायबर राउटरचा पत्ता भरला असेल तर तोही बदला, नाहीतर सिम चालू असूनही पानं उघडत नाहीत. ई-वे बिल आणि ई-इनव्हॉइस एवढ्यावर चालतात.

एवढं करूनही डेटा संपतोय

सगळ्यात आधी विचारा की कोणी फोन यूएसबीने जोडला का. यूएसबी टेदरिंग विंडोजला नवं नेटवर्क कार्ड वाटतं आणि त्यावर मीटर्डची खूण नसते. थांबवून ठेवलेली सगळी अपडेट त्यातून ओतली जाते. वाय-फायचं नाव बदललं तरी तेच, कारण ही खूण नावाशी बांधलेली असते. पॉझची मुदत संपली का, राउटर रीसेट झाल्यावर परवानगीची यादी पुसली गेली का, दुरुस्तीला गेलेलं एंट्रीचं मशीन ‘आपोआप आयपी’ होऊन परत आलं का, हे याच क्रमाने तपासा. त्यानंतरही राउटरचा आकडा मशीनच्या बेरजेपेक्षा मोठा राहिला तर स्विचमधून एकेक केबल पाच-पाच मिनिटं काढा आणि राउटरच्या पानावर मोजणी कधी थांबते ते बघा. टॅलीतून सगळे बाहेर पडल्याशिवाय सर्व्हरची केबल मात्र काढू नका.